स्वस्तातली ट्रेडमिल घ्यावी का? पैसे देण्याआधी काय तपासायचं

३० हजार रुपयांच्या आतली घरगुती ट्रेडमिल हे चालायचं यंत्र असतं. खोक्यावर ताशी १२ किंवा १४ किलोमीटर छापलेलं असेल, चित्रातला माणूस घाम गाळत धावत असेल, तरी आतली मोटर, पट्टा आणि फळी झपझप चालण्याच्याच मापाची असतात. हे मान्य असेल तर या किमतीत पैसे वसूल होतील अशी यंत्रं मिळतात. रोज पाच किलोमीटर धावायचं असेल तर बजेट दुप्पट करा, नाहीतर सरळ मैदान गाठा.

ब्रँडची नावं मुद्दाम घेत नाही. वेगवेगळ्या नावांनी विकली जाणारी बरीच यंत्रं आतून एकाच साच्यातली निघतात. फरक स्टिकरचा आणि दुरुस्तीला माणूस येतो की नाही याचा. त्यामुळे नावापेक्षा आकडे वाचता येणं जास्त उपयोगाचं.

घराची मापं

टेप घेऊन जमिनीवर खडूने आखा. यंत्राची लांबी साधारण साडेपाच फूट, रुंदी अडीच फूट. त्यामागे किमान सहा फूट मोकळं हवं, दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट. मागची जागा चैनीची नाही. तोल गेला की पट्टा माणसाला मागे फेकतो, आणि मागे भिंत असेल तर माणूस भिंत आणि फिरता पट्टा यांच्यात अडकतो. हॉलमध्ये ‘कोपऱ्यात बसेल’ म्हणून घेतलेलं यंत्र बहुतेक वेळा भिंतीला पाठ करूनच बसतं. दिशा उलटी करा, तोंड भिंतीकडे असू द्या.

मग उंची. चालण्याची फळी जमिनीपासून १५ ते २० सेंटीमीटर वर असते, आणि चालताना डोकं आणखी पाचेक सेंटीमीटर वर-खाली होतं. घरातल्या सगळ्यात उंच माणसाच्या उंचीत एक फूट मिळवा आणि वरचा माळा, बीम, विशेषतः पंखा पाहा. पंख्याच्या पात्याखाली ट्रेडमिल लावायची नाही. हात वर गेला की गेलाच.

बंद केलेली बाल्कनी अनेकांना सोयीची वाटते. पावसाळ्यात तिथे उडणारे तुषार आणि मुंबई, कोकण, गोव्याची खारी हवा या यंत्राला मानवत नाही. फळी एमडीएफची, म्हणजे दाबून बनवलेल्या लाकडी भुशाची असते, कडेने ओल शिरली की फुगते. पट्टा ज्याच्याभोवती फिरतो त्या रोलरला गंज चढला की तो सँडपेपरसारखा पट्ट्याच्या पोटाला घासतो.

विजेचा पॉइंट १६ अँपिअरचा, म्हणजे गीझर किंवा एसीला असतो तसा, अर्थिंग असलेला हवा. एक्स्टेन्शन बोर्ड नको, इन्व्हर्टरवर तर अजिबात नको. यंत्र लावल्यावर आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, वारंवार पडत असेल तर दुकानदार ‘तुमच्या घरचं वायरिंग खराब’ म्हणेल आणि तुम्ही यंत्राला दोष द्याल. अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय हा वाद मिटत नाही. आणि हो, खोकं साडेपाच फूट लांब आणि ५०-६० किलोंचं असतं. लिफ्टचं दार मोजून ठेवा. ‘डिलिव्हरी फक्त तळमजल्यापर्यंत’ हे वाक्य ऑर्डरमध्ये बारीक अक्षरात असतं.

एचपीचा घोळ

खोक्यावर ‘४ एचपी’ मोठ्या अक्षरात असतं, शेजारी मुंगीएवढं ‘पीक’. पीक म्हणजे मोटर क्षणभर देऊ शकेल तो जोर. कामाचा आकडा सलग देता येणाऱ्या जोराचा, म्हणजे ‘कंटिन्युअस’. तो छापलेला नसेल तर स्वतः काढता येतो.

एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. यंत्रात वायर जिथे शिरते तिथे चंदेरी किंवा पांढरी पाटी असते, तिच्यावर वॅट लिहिलेले असतात. समजा तिथे ११०० वॅट आहे. भागाकार करा: जेमतेम दीड एचपी, तोही आत जाणाऱ्या विजेचा. त्यातला काही भाग उष्णतेत जातो, म्हणजे पट्ट्यापर्यंत त्याहून कमीच पोचतो. मोटरवरचं झाकण चार-सहा स्क्रूंवर असतं. दुकानदार काढून दाखवायला तयार असेल तर मोटरची स्वतःची पाटी पाहा. १८० व्होल्ट डीसी, ६ अँपिअर असेल तर १०८० वॅट आत, आणि ७५ टक्के कार्यक्षमता धरली तर सुमारे ८१० वॅट बाहेर. म्हणजे १.१ एचपी. खोक्यावरचे ४ एचपी कुठे गेले हे त्याला विचारू नका, त्यालाही माहीत नसतं.

७० किलोंपर्यंतच्या माणसाला चालायला सलग १ ते १.२५ एचपी पुरतात. ८५-९० किलोंना दीड ते पावणेदोन हवेत. अधूनमधून जॉगिंग करायचं असेल तर दोनच्या खाली पाहू नका.

वजनाची मर्यादाही अशीच वाचायची. ‘कमाल १०० किलो’ लिहिलं असेल तर ७५-८० किलोंच्या माणसासाठी ते यंत्र धरा. पाऊल टेकताना फळीवर नुसतं वजन पडत नाही, धक्काही पडतो. आणि यंत्राचं स्वतःचं वजन पाहा. चाळीस किलोंच्या आतली दांडेवाली ट्रेडमिल जोरात चालताना लटपटणारच, त्यात कारागिरीचा प्रश्न नाही.

पट्टा, फळी, रोलर

जाहिरातीत ब्लूटूथ, स्पीकर आणि बारा प्रोग्रॅम यांच्यावर चार ओळी असतात. गुडघ्यांशी आणि आयुष्याशी संबंध असलेल्या या तीन वस्तूंवर एकही नसते.

पट्ट्याची रुंदी ४० सेंटीमीटर ही खालची हद्द. एवढ्या पट्ट्यावर नजर समोर ठेवून चालता येत नाही, सारखं पायाकडे पाहावं लागतं. ४२ ते ४५ मिळाली तर उत्तम. लांबी चालण्यासाठी ११० ते १२० सेंटीमीटर चालते. उंची पावणेसहा फुटांच्या पुढे असेल किंवा जॉगिंग करायचं असेल तर १३० तरी हवी. ही मापं पट्ट्याच्या उघड्या भागाची असावीत. काही विक्रेते कडेच्या पाय ठेवायच्या पट्ट्या धरून रुंदी सांगतात.

फळीची जाडी १२ मिलिमीटर की १८, हे मागच्या टोकाकडून वाकून पाहता येतं. पातळ फळी मधोमध लवते. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत लेप असलेली फळी मिळाली तर दोन-तीन वर्षांनी उलटी करून पुन्हा वापरता येते. ही चौकशी कोणी करत नाही, तुम्ही करा.

रोलर जितका बारीक तितका पट्टा टोकाशी जास्त वाकतो आणि बेअरिंग जास्त फिरतात. हिशेब असा: ताशी १० किलोमीटर वेगाला ४२ मिलिमीटरचा रोलर मिनिटाला साडेबाराशेच्या वर फेरे घेतो, ६० मिलिमीटरचा नऊशेच्या आत. स्वस्त यंत्रात दोन-अडीच वर्षांत जी घरघर सुरू होते ती बहुतेकदा इथलीच. ४५ किंवा त्याहून जाड रोलर या किमतीत मिळाला तर बाकीच्या दोन-चार उणिवा पोटात घाला.

दुकानातली पंधरा मिनिटं

चालायचे बूट घालून जा आणि घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला बरोबर न्या. बारीक मुलाने ट्राय करून काही कळत नाही.

यंत्र बंद असताना उभ्या दांड्यांना धरून पुढे-मागे आणि आडवं हलवा. तळाशी बोल्टपाशी ‘टक्’ असा आवाज आला की जोड सैल आहे. आवळून गेला तर ठीक, नाहीतर दुसरा नग मागा.

मग मुख्य परीक्षा. लोकांना वाटतं की वेग वाढवला की मोटरची ताकद कळते. उलट आहे. डीसी मोटरला जेवढा जोर लावावा लागतो तेवढा करंट ती खेचते, आणि तिला गार ठेवणारा पंखा तिच्याच फिरत्या आसावर असतो. ताशी २-३ किलोमीटर वेगाला पंखा मंद फिरतो, पण माणसाचं वजन तेवढंच असतं. म्हणून कमकुवत मोटर मंद चालीत उघडी पडते. वेग ३ वर ठेवा, वजनदार माणसाला पाच मिनिटं चालू द्या, त्यातली एखाद-दोन मिनिटं जरा पाय आपटत. दर पावलाला पट्टा अडखळत असेल, ‘हुं-हुं’ असा आवाज चढ-उतार करत असेल, तर ते यंत्र त्या माणसासाठी नाही.

त्यानंतर वेग २ वर आणून दोन्ही दांडे घट्ट धरून टाच पट्ट्यावर रोवा, ब्रेक लावल्यासारखी. पट्टा थोडा थबकला आणि पुढचा रोलर फिरत राहिला, तर वरचा पट्टा सैल आहे. ते दोन मिनिटांचं काम. रोलरही थांबला पण मोटर फिरतेय, तर मोटर आणि रोलर यांच्यामधला छोटा पट्टा घसरतोय. मोटरच दबली, तर मोटर किंवा तिचा वेग सांभाळणारा कंट्रोलर बोर्ड कमी पडतोय आणि त्याला इलाज नाही.

शेवटी वेग ६ वर नेऊन लाल सुरक्षा चावी ओढा. पट्टा काही क्षणांत थांबायला हवा. ही चावी कपड्याला अडकवायची दोरी पाहा. ती आखूड असेल तर चालताना निसटते आणि मग लोक ती लावणंच सोडून देतात.

वॉकिंग पॅड, म्हणजे दांडे नसलेली सपाट १०-१५ हजारांची फळी, टेबलाखाली ठेवून काम करत ताशी ३-४ किलोमीटर चालणाऱ्यांना ठीक आहे. साठीच्या पुढच्या आईवडिलांसाठी घेऊ नका. धरायला काही नसलेल्या फिरत्या पट्ट्यावर त्यांना उभं करणं चूक आहे, किंमत कितीही आकर्षक असो. त्यांना लांब बाजूचे दांडे, चढायला कमी उंची आणि ताशी १ किलोमीटरपासून हळू सुरू होणारा पट्टा हवा.

चढ, म्हणजे इन्क्लाइन, या किमतीत हाताने लावायचा असतो: मागचे पाय तीन खाचांमध्ये. लोक एकदा लावतात आणि विसरतात. त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. दांड्यावरचा नाडीमापक आणि पडद्यावरच्या कॅलरी करमणूक म्हणून ठेवा.

वॉरंटीचा कागद

‘मोटर ५ वर्षं’ वाचून खूश होऊ नका. आधी मरतो तो कंट्रोलर बोर्ड, आणि तो ‘इतर भाग’ या नावाखाली बहुधा एकाच वर्षात बसवलेला असतो. पट्टा आणि फळी झिजणारे भाग म्हणून बाहेर. चार गोष्टी लेखी घ्या: बोर्डाची वॉरंटी किती, टेक्निशियनच्या फेरीचे पैसे कोण देणार, तुमच्या पिनकोडला माणूस येतो का, आणि वॉरंटी संपल्यावर बोर्ड आणि पट्टा केवढ्याला मिळतो. शेवटचा प्रश्न कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विकत घेण्याआधीच विचारा. उत्तर मिळायला तीन दिवस लागले तर नंतर किती लागतील याचा अंदाज येतो. पुण्या-ठाण्यात माणूस दोन दिवसांत येईल. लातूर-रत्नागिरीकडे ‘यंत्र पाठवून द्या’ असं उत्तर मिळणार असेल तर ५० किलोंचं पार्सल कोण करणार? त्यापेक्षा गावात जिमची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस शोधा आणि त्याला विचारून घ्या. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिल, वॉरंटी कार्ड आणि तक्रारीचा नंबर हाताशी हवा.

सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये घरगुती यंत्र ठेवलं तर बहुतेक कंपन्या वॉरंटी नाकारतात. कमिट्यांना हे उशिरा कळतं.

परवडतं का?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला मध्यम व्यायामाची किमान १५० मिनिटं सांगते. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस धरले तर वर्षाचे १३० तास. २५ हजारांचं यंत्र तीन वर्षं चाललं आणि दुरुस्तीवर ५ हजार गेले, तर ३० हजार भागिले ३९० म्हणजे तासाला सुमारे ७७ रुपये. दोघं वापरत असतील तर त्याच्या निम्मे. वीज किरकोळ आहे: चालताना तासाला साधारण अर्धा ते पाऊण युनिट. तीन महिन्यांत उत्साह संपला तर मात्र तासाचा भाव साडेसातशेच्या वर जातो. स्वतःबद्दल शंका असेल तर मोठ्या शहरांत ट्रेडमिल महिन्याच्या भाड्याने मिळते. दोन महिने, त्यातला एक पावसाळ्यातला, तशी वापरून पाहा.

वापरलेलं यंत्र हा या बजेटमधला खरा चांगला मार्ग आहे. ४५-५० हजारांचं यंत्र दोन वर्षांनी निम्म्या किमतीला सोसायटीच्या ग्रुपवर येतं. पट्टा बाजूने उचलून आत हात घाला. फळीवर पाय पडतात तिथे लेप उडून तपकिरी पट्टे दिसत असतील, किंवा हाताला काळी भुकटी लागत असेल, तर पट्टा आणि फळी दोन्ही बदलायची तयारी ठेवून भाव करा. झाकणापाशी जळका वास आला तर भावसुद्धा करू नका.

घरी आल्यावर पहिला आठवडा

परत करायची मुदत चालू असतानाच वेग तपासा. यंत्र बंद ठेवून पट्ट्यावर खडूची खूण करा आणि हाताने सरकवत टेपने पूर्ण फेऱ्याची लांबी मोजा. ती २.७ मीटरच्या आसपास निघेल. ताशी ६ किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर १०० मीटर, म्हणजे ३७ फेरे. मोबाइलवर एक मिनिट व्हिडिओ काढून खूण किती वेळा आली ते मोजा, आधी रिकाम्या पट्ट्यावर, मग माणूस चालत असताना. रिकामा ३७ आणि माणसासकट ३३ भरले तर पडद्यावर ६ दिसत असताना तुम्ही ५.३ ने चालताय. आधी पट्ट्याचा ताण पाहा. तो ठीक असेल तर तक्रार नोंदवा.

ताण असा पाहायचा: मधोमध पट्ट्याची कड दोन-अडीच इंच सहज उचलली गेली पाहिजे. त्याहून घट्ट असेल तर बेअरिंग आणि मोटर दोन्हींवर भार पडतो. ‘घसरू नये’ म्हणून बसवणारे लोक तो हमखास जास्त आवळतात. पट्टा उजवीकडे सरकत असेल तर मागच्या बाजूचा उजवा बोल्ट सोबत आलेल्या एल-कीने पाव फेरा घड्याळाच्या दिशेने फिरवा, ताशी ४ वर दोन मिनिटं चालू द्या, मग पुन्हा पाहा. अर्धा फेरा एकदम नको. डावीकडे सरकला तर डावा बोल्ट, तसाच.

तेल. निम्मी यंत्रं याच एका गोष्टीने मरतात म्हटलं तरी अतिशयोक्ती होणार नाही. फळी कोरडी पडली की घर्षण वाढतं, घर्षण वाढलं की करंट वाढतो, आणि करंट वाढला की बोर्डावरचे भाग तापून जातात. माणूस म्हणतो, व्होल्टेजने बोर्ड गेला. शुद्ध सिलिकॉन तेलच वापरायचं. शिलाई मशीनचं, खोबरेल किंवा गंज काढायचा स्प्रे मारला तर पट्ट्याचं पोट खराब होतं. महिन्यातून एकदा पट्ट्याखाली बोटं फिरवा. तेलकट लागली तर घालू नका. कोरडी लागली तर प्लग काढून, पट्टा उचलून दोन्ही बाजूंनी मधल्या भागात मिळून १० ते १५ मिलिलिटर नागमोडी सोडा आणि रिकामा पट्टा ताशी ३ वर तीन मिनिटं फिरवा. जास्त तेल घातलं तर पट्टा घसरतो आणि लादीवर डाग पडतात. रोजच्या अर्ध्या तासाच्या वापराला हे दोन-तीन महिन्यांतून एकदा येतं.

१६ अँपिअरचा, वॅट दाखवणारा स्मार्ट प्लग असेल तर पहिल्याच आठवड्यात तोच माणूस ताशी ५ वर चालताना किती वॅट लागतात ते झाकणावर मार्करने लिहून ठेवा. तो आकडा पुढे पावपट वाढला की बोटं न फिरवताही कळतं की तेल हवंय.

घरात लहान मूल असेल तर चावी काढून उंचावर आणि प्लग बंद, प्रत्येक वेळी. धोका मागच्या टोकाला असतो: फिरता पट्टा हात, खेळणं, ओढणी खाली ओढून घेतो. मे २०२१ मध्ये अमेरिकेत पेलोटन कंपनीने आपली सुमारे सव्वा लाख ट्रेड प्लस यंत्रं परत मागवली होती, त्याआधी एका सहा वर्षांच्या मुलाचा जीव गेला होता. ते तर फार महागडं यंत्र होतं.

यंत्राखाली ८-१० मिलिमीटरची रबरी मॅट टाका, खालच्या मजल्यावरच्यांशी संबंध टिकतात. खोकं आणि थर्माकोल मात्र परत करायची मुदत संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या. त्याशिवाय बांधलेलं यंत्र न्यायला कुरिअरवाले बरेचदा नाही म्हणतात.